व्यावसायिक मेळाव्यांचे आर्थिक मोजमाप : देवरूखच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :

परिषदा, चर्चासत्रे, व्यापारी प्रदर्शने व कंपन्यांच्या सभा यांना एकत्रितपणे व्यावसायिक मेळाव्यांचा उद्योग असे संबोधले जाते. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने २०२२ मध्ये या क्षेत्रासाठी राष्ट्रीय धोरणाचा आराखडा प्रसिद्ध केला. धोरण आखावयाचे तर उद्योगाचे आकारमान ज्ञात असावे लागते. परंतु ते कोणत्या मापाने काढले यावर धोरणाची दिशाही अवलंबून असते. संगमेश्वर तालुक्याचे मुख्यालय असलेल्या देवरूखसारख्या गावातून पाहिले असता प्रचलित मापाच्या मर्यादा स्पष्ट होतात.

व्याख्येची मर्यादा :

राष्ट्रीय लेख्यांत हा उद्योग स्वतंत्र शीर्षाखाली आढळत नाही. त्याचे उत्पन्न हॉटेल, वाहतूक, छपाई, मंडप अशा अनेक व्यवसायांत विखुरलेले असते. ही अडचण दूर करण्यासाठी जागतिक पर्यटन संघटनेने २००६ मध्ये पर्यटन उपग्रह लेख्याला जोडून एक पद्धती सुचविली. तीनुसार किमान १० व्यक्ती, किमान अर्धा दिवस म्हणजे ४ तास, आणि मोबदला देऊन घेतलेली जागा या अटी पूर्ण करणारा मेळावाच गणनेस पात्र ठरतो. तिसऱ्या अटीमागे व्यावहारिक कारण आहे. जागा भाड्याने देणाऱ्यांकडून माहिती मिळविणे तुलनेने सोपे असते.

तथापि देवरूखच्या आठल्ये-सप्रे-पित्रे महाविद्यालयासारखी संस्था जेव्हा स्वतःच्याच सभागृहात चर्चासत्र भरविते, तेव्हा प्रतिनिधींची संख्या व कालावधी या अटी पूर्ण होऊनही ते गणनेबाहेर राहते. तेच चर्चासत्र मुंबईतील हॉटेलात भरले, तर उद्योगाचा भाग ठरते. म्हणजे जेथे संस्था आपली जागा व मनुष्यबळ स्वतः पुरविते, तेथील उलाढाल शून्य दिसते. अशा आकड्यांच्या आधारे निधीवाटप झाल्यास तो महानगरांकडेच वळणे स्वाभाविक आहे.

खर्च म्हणजे मूल्य नव्हे :

दुसरा दोष आकडे सादर करण्याच्या रीतीत आहे. अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २००९ मध्ये तेथे सुमारे १८ लाख मेळावे भरले व त्यांवरील प्रत्यक्ष खर्च २६३ अब्ज डॉलर होता. स्थूल देशांतर्गत उत्पादनातील प्रत्यक्ष वाटा मात्र १०६ अब्ज डॉलर होता. खर्चातून मध्यवर्ती वस्तू व सेवांची किंमत वजा केल्यावर उरते ते मूल्यवर्धन. दोन्ही आकडे खरे असले तरी 'आर्थिक मूल्य' म्हणून पहिला पुढे करणे दिशाभूल करणारे आहे.

सीमेचा प्रश्न :

मापन कोणत्या सीमेत केले जाते, यावरही निष्कर्ष बदलतो. मुंबईहून येणारा प्रतिनिधी कोकण रेल्वेने संगमेश्वर रोड स्थानकात उतरतो. त्याचे रेल्वेभाडे देवरूखचे उत्पन्न नसते. रिक्षा, खानावळ व लॉज यांवरील खर्च गावात येतो. त्यातही भाजीपाला व किराणा बाहेरून येत असल्यास तेवढी रक्कम पुन्हा गळून जाते. स्थानिक प्राध्यापकांचा खर्च तर गावातलाच पैसा गावात फिरविणारा असतो. मकरसंक्रांतीला मार्लेश्वरची यात्रा भरते. त्याच दिवसांत चर्चासत्र घेतल्यास, प्रतिनिधींनी घेतलेल्या खोल्या एरवी यात्रेकरूंनीही घेतल्या असत्या. त्यामुळे तो खर्च अतिरिक्त मानता येत नाही. उलट विद्यापीठ अनुदान आयोगाचे चर्चासत्र-अनुदान देवरूखच्या दृष्टीने बाहेरून आलेला नवा पैसा असतो, तर देशाच्या दृष्टीने ते केवळ हस्तांतरण असते. अशा स्थितीत राष्ट्रीय पातळीवरचा गुणक गावाला जसाच्या तसा लावणे शास्त्रीय ठरत नाही.

संख्येचा मोह :

मोजले जाते त्याचेच उत्पादन वाढते, हा अनुभव शिक्षणक्षेत्राने घेतला आहे. आयोगाच्या २०१० च्या नियमावलीत चर्चासत्रांतील शोधनिबंधांना गुण मिळू लागले, तेव्हा सहभागाची प्रमाणपत्रे हेच उद्दिष्ट बनण्याचा धोका निर्माण झाला. चर्चासत्रातून कोणते संशोधन पुढे गेले वा कोणता सहकार्य-करार झाला, याची नोंद ना गुणांच्या तक्त्यात होती, ना आर्थिक लेख्यात आहे.

निष्कर्ष :

आकारमान मोजण्याचा प्रयत्न निरर्थक नाही. मात्र एकाच ढोबळ आकड्यावर विसंबणे घातक आहे. भाड्याच्या जागेची अट शिथिल करून संस्थांच्या स्वतःच्या सभागृहांतील मेळाव्यांची स्वतंत्र नोंद व्हावयास हवी. बाहेरून आलेले प्रतिनिधी, त्यांनी गावात केलेला खर्च आणि त्यातील गावात टिकलेला भाग एवढी माहिती महाविद्यालयाच्या अर्थशास्त्र विभागाला साध्या प्रश्नावलीने गोळा करता येईल. वर्षभरानंतर त्याच प्रतिनिधींना पुन्हा विचारल्यास बौद्धिक फलिताचीही नोंद होऊ शकेल. तिच्याअभावी देवरूखसारख्या गावांतील ज्ञानव्यवहार धोरणकर्त्यांच्या तक्त्यात रिकामा रकाना म्हणूनच राहील.