शिळाछाप तसबिरी : ऱ्हास नेमका कोणाचा?

गेल्या काही वर्षांत जुन्या शिळाछाप तसबिरींना कलादालनांत आणि लिलावांत जे दिवस आले आहेत, ते पाहून एका विसरलेल्या कलेला उशिरा का होईना न्याय मिळाला, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी त्याच लक्ष्म्या, त्याच सरस्वत्या, त्याच शकुंतला मांडलेल्या असतात आणि त्यांच्याखाली ‘राजा रविवर्मा’ ही एकच पाटी असते. शेजारी कॅनव्हाससारख्या कागदावर संगणकाच्या साहाय्याने छापलेल्या, सोनेरी वर्ख आणि खडे चिकटवलेल्या नव्या प्रती विक्रीला ठेवतात, आणि त्यांनाही वारसा म्हणण्याची पद्धत पडली आहे. या उत्साहाने दोन समजुती घट्ट केल्या आहेत : ही चित्रे रविवर्म्याची आहेत, आणि ऑफसेट व कॅलेंडरे आली म्हणून ही कला बुडाली. पहिली समजूत अर्धवट आहे, दुसरी उलटी आहे, आणि दोन्ही एकाच आंधळेपणातून आलेल्या आहेत.

शिळाछपाई म्हणजे लिथोग्राफी. आलॉइस झेनेफेल्डर याने अठराव्या शतकाच्या अखेरीस बव्हेरियात शोधलेल्या या पद्धतीत चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र उलटे काढतात, डिंक आणि आम्ल यांच्या मिश्रणाने ते पक्के करतात व शिळा ओली ठेवतात. पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत या साध्या गुणामुळे छपाईची शाई रेखाटलेल्या भागावरच बसते. रंगीत चित्राला प्रत्येक रंगाची वेगळी शिळा लागते, आणि साऱ्या शिळांवरचे ठसे कागदावर तंतोतंत एकावर एक पडावे लागतात. तसे न झाल्यास देवीच्या ओठांचा लाल रंग हनुवटीवर उतरतो. असे छापलेले चित्र तैलचित्रासारखे भासावे म्हणून त्यावर व्हार्निश चढवले आणि कागदावर कॅनव्हासची वीण उठवली की त्याला ओलिओग्राफ म्हणतात. मूळ चित्रकार या सर्व खटाटोपात एक नमुना देऊन बाजूला होतो. सावळ्या अंगकांतीची फोड किती शिळांत करायची, कोणत्या शिळेवर ठिपके दाट आणि कोणत्या शिळेवर विरळ ठेवायचे, पिवळ्यावर गुलाबी पडल्यावर गाल कसा उजळेल, हे सगळे ठरवतो तो शिळेवर चित्र उतरवणारा कारागीर. छपाई संपली की शिळा पुष्कळदा घासून दुसऱ्या कामाला लावीत, त्यामुळे या माणसाच्या हाताचा मूळ पुरावाही त्याच्या डोळ्यांदेखत पुसला जाई.

हीच विभागणी जपानच्या लाकडी ठशांच्या चित्रांत होती, आणि तेथील ऱ्हासकाळाशी तुलना केल्यावाचून इकडचा प्रश्न नीट उभा राहत नाही. तेथे प्रकाशक चित्र मागवी, चित्रकार पातळ कागदावर रेखाटन करी, ते रेखाटन चेरीच्या फळीवर उलटे चिकटवून कोरक्या त्याच्यासकट लाकूड कोरी, म्हणजे मूळ रेखाटन कोरण्यातच नाहीसे होई, आणि छापणारा हाताने रंग भरून कागद दाबी. १८६८ नंतरच्या मेइजी काळात छायाचित्रे, वृत्तपत्रे आणि शिळाछपाईनेच या व्यवसायाचा गळा आवळला, आणि परदेशातून आलेल्या रासायनिक रंगांच्या भडक लाल-जांभळ्यामुळे पाश्चात्त्य संग्राहकांनी या काळातील चित्रांवर ऱ्हासाचा शिक्का मारला. तरीही १८८५ ते १८९२ या काळात चित्रकार योशितोशीने चंद्राच्या शंभर दृश्यांची जी मालिका केली, तिच्यातील केसांच्या बटा आणि पावसाच्या रेघा पाहिल्या तर कोरण्याचे कौशल्य उतरणीला लागले असे कोणी म्हणू शकणार नाही. शिवाय त्या काळातील पुष्कळ चित्रांवर चित्रकाराच्या सहीबरोबर प्रकाशकाचा आणि कोरक्याचा शिक्काही आढळतो. गिऱ्हाईक गेले, पण हाताचे नाव राहिले. म्हणूनच विसाव्या शतकात वातानाबे शोझाबुरो या प्रकाशकाला जुने कोरके आणि छापणारे हाताशी धरून नवी चित्रे काढता आली, आणि १९२३ च्या भूकंपात व आगीत त्याचे ठसे जळाल्यावरही पुन्हा कामाला लागता आले.

महाराष्ट्रात असे काही घडू शकले असते का, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे, कारण त्याची पूर्वतयारी येथे होती. पेशवाईच्या अखेरच्या दशकांत पुण्यात इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट आणि चित्रकार जेम्स वेल्स यांच्या सहवासात तयार झालेल्या गंगाराम तांबटाने वेरूळच्या लेण्यांची रेखाटने केली. १८०५ साली मिरजेस गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने तांब्याच्या पत्र्यावर कोरून गीता छापली गेली. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाछापावर पंचांग काढले. धातूवर कोरणारा आणि दगडावर लिहिणारा हात छापखान्यांच्या भरभराटीच्या आधीच येथे उपलब्ध होता.

त्या हाताला चित्रांचे काम मिळाले ते पुण्याच्या चित्रशाळेत. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सहकाऱ्यांसह १८७८ मध्ये हा छापखाना उभारला आणि पुढे वासुकाका जोशी यांनी तो चालवला. ‘निबंधमाले’त इंग्रजी राज्यावर आणि मिशनऱ्यांवर आसूड ओढणाऱ्या लेखकाला तसबिरींचा कारखाना का काढावासा वाटला, हे चित्रशाळेच्या विषयांवरूनच कळते : रामपंचायतन, नाना फडणीस, शिवाजी महाराज. ज्या घरात निबंध वाचणारा एकही माणूस नाही त्या घराच्या भिंतीवरही आपला इतिहास आणि आपले देव टांगले जावेत, हा त्यामागचा हिशोब होता, आणि तो चुकला नाही. परंतु चित्रशाळेचे मोल तिच्या विषयांवर मोजणारे अभ्यासक तिच्या रेषेपाशी क्वचितच थांबतात. चित्रशाळेच्या सुरुवातीच्या चित्रांत आकृतीला ठाम बाह्यरेषा आहे, रंग सपाट आहेत, छायाप्रकाशाचा सोस कमी आहे, आणि राम, सीता, भाऊ आणि मारुती एकाच पातळीवर, भक्ताकडे पाहत उभे आहेत. ही मांडणी मेणवलीच्या वाड्यातील भिंतीचित्रांच्या आणि चित्रकथींच्या पोथ्यांच्या नात्यातली आहे. इंग्रजी कलाशाळेत शिकलेल्या डोळ्याला ती अडाणी वाटते. खरे पाहता शिळेला काय जमते आणि काय जमत नाही हे ओळखून केलेली ती निवड आहे. शिळेवरचा खडू रेषेला जीव देतो आणि सपाट रंग त्या रेषेच्या आत शांत बसतो, तर तैलरंगाच्या थरांची नक्कल करू लागलेली शिळा स्वतःचा गुण सोडून दुसऱ्याची चाकरी करते.

ती चाकरी १८९४ मध्ये सुरू झाली. रविवर्मा आणि त्यांचे बंधू सी. राजराजवर्मा यांनी मुंबईत काढलेल्या छापखान्यासाठी यंत्रे आणि तंत्रज्ञ जर्मनीतून आले, ‘शकुंतलाजन्म’ हे चित्र पहिल्या छपाईत निघाले, प्लेगच्या धास्तीत छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि नव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांतच तो चित्रांच्या हक्कांसह फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. आज ज्या चित्रांखाली रविवर्म्याचे नाव लागते त्यांतील फार मोठा भाग या विक्रीनंतरचा आहे आणि त्यांतील कित्येक चित्रे रविवर्म्याने कधी काढलेलीच नाहीत. १९०६ मध्ये निधन पावलेल्या चित्रकाराच्या नावावर त्यानंतर अनेक दशके छपाई चालू राहिली. या छापखान्याच्या तांत्रिक कौशल्याबद्दल वाद नाही. कातडीच्या छटा जुळवण्यासाठी तेथे लावलेली मेहनत थक्क करणारी आहे. पण ती सारी मेहनत, आपण दगडावरून आलो आहोत हे लपवण्यासाठी खर्ची पडली. ओलिओग्राफ जितका चांगला, तितका त्याचा खरा कर्ता अदृश्य.

याच छापखान्यात छायाचित्रावरून शिळेवर चित्र उतरवण्याचे काम धुंडिराज गोविंद फाळके यांनी काही काळ केले, ही गोष्ट चित्रपटाच्या इतिहासात कौतुकाने सांगतात. शिळाछापाच्या इतिहासात तिचा अर्थ निराळा आहे. छायाचित्राने चित्र शिळेवर आपोआप उतरू लागताच खडूने ठिपके घालणाऱ्या कारागिराची गरज ओसरू लागली. फाळके पुढे स्वतःचा छापखाना काढून १९०९ च्या सुमारास तिरंगी छपाईची यंत्रे आणण्यासाठी जर्मनीला गेले आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ घेऊन आले. इकडे खुद्द चित्रशाळेने १९१० मध्ये ‘चित्रमय जगत्’ हे सचित्र मासिक सुरू केले, आणि ज्यात छायाचित्र बारीक ठिपक्यांच्या जाळीतून धातूच्या ठशावर येते त्या हाफटोन ब्लॉकच्या पद्धतीला आपल्याच घरात मानाचे पान वाढले. ऑफसेट यायला अजून बराच अवधी होता. म्हणजे ही कला बाहेरच्या शत्रूने बुडवली नाही. जे तिचे मालक होते त्यांनीच प्रतींची संख्या वाढवताना हात कमी केला. विक्री कधीच घटली नाही, हा या ऱ्हासाचा विशेष आहे, आणि विक्रीच्या आकड्यांवर कलेची प्रकृती जोखणाऱ्यांना तो म्हणूनच दिसत नाही.

त्यानंतरच्या प्रवाहांविषयी फार लिहिण्याची गरज नाही. चित्रकार धुरंधरांची पोस्टकार्डे नेटकी आहेत, पण ती रेखाटनकाराची कामगिरी आहे, छपाईची नव्हे. रघुवीर मुळगावकरांच्या कॅलेंडरांनी देवांना पावडर लावली. शिवकाशीहून येणाऱ्या तसबिरींविषयी मौन बरे, आणि सणासुदीला मोबाइलवर फिरणाऱ्या यंत्रनिर्मित गणपतींना हातच नसल्यामुळे ते या चर्चेत बसत नाहीत.

खरा वाद आहे तो समीक्षेशी. विसाव्या शतकाच्या आरंभी हॅवेल आणि आनंद कुमारस्वामी यांनी रविवर्म्याला नाटकी आणि परकीय ठरवले. अलीकडच्या अभ्यासकांनी त्याच चित्रांत राष्ट्र, भक्ती, बाजारपेठ आणि आधुनिकता शोधली. दोन्ही पक्ष एकमेकांचे कट्टर विरोधक असले तरी त्यांचे एका गोष्टीवर एकमत आहे : चित्र म्हणजे चित्रकाराने काय कल्पिले. तसबीर ही छापलेली वस्तू आहे आणि छापण्यातही कल्पना असते, हे दोघांनाही सुचत नाही. जपानी चित्रांबद्दल बोलताना मात्र हेच विद्वान कोरक्याच्या सुरीची धार आणि छापणाऱ्याने फळीवर पुसत नेलेल्या निळ्या रंगाची उतरण यांवर पानेच्या पाने लिहितात. टोकियोच्या कारागिराला हात असतो आणि पुण्याच्या कारागिराला नसतो, असे मानण्याला रसिकता म्हणता येत नाही.

या संदर्भात मराठवाड्याचे एक उदाहरण बोलके आहे. योशिदा हिरोशी हा जपानी चित्रकार १९३०-३१ च्या प्रवासात भारतात आला, त्याने वेरूळ आणि अजिंठ्याची रेखाटने केली, आणि परतल्यावर स्वतःच्या कार्यशाळेत कोरके व छापणारे यांच्यावर बारीक देखरेख ठेवून त्यांचे लाकडी ठसे काढले. तो छपाईवर इतका हक्क सांगे की आपल्या देखरेखीखाली छापल्याची खूण तो चित्राच्या कडेला उमटवी. वेरूळच्या ज्या लेण्यांची रेखाटने गंगाराम तांबटाने जवळजवळ दीड शतक आधी केली होती, त्यांची छापील चित्रकला विसाव्या शतकात कोणी केली तर ती एका परदेशी माणसाने, कारण त्याच्या देशात ऱ्हासाच्या काळातही कोरणारा हात टिकवून धरला गेला होता. त्या चित्रांपुढे ‘आमच्या लेण्यांचा गौरव’ म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांनी त्याच दशकात मराठी छापखान्यांत शिळा घासणाऱ्यांची काय गत होती, हे विचारलेले नाही.

शिवाय ही कला पाहण्याची जागा कलादालन नाही. बीड जिल्ह्यात परळी ते लातूर रोड या लोहमार्गावरील घाटनांदूर, जवळचे अंबाजोगाई आणि परळी वैजनाथ, या टापूतील देवघरे हीच या तसबिरींची खरी ठिकाणे. तेथे धूप, तेल आणि हळदकुंकवाच्या बोटांनी काळवंडलेले चित्र कागद फाटेपर्यंत पूजेत राहते. कलादालनाला हवी असते ती न वापरलेली, स्वच्छ, मूळ रंगांची प्रत, म्हणजे जिने आपले काम केलेच नाही अशी प्रत. देवघरातून उतरवलेली तसबीर विसर्जित होते अथवा पारावर ठेवली जाते, आणि तिच्या जागी फ्लेक्सच्या दुकानात काढून घेतलेले चित्र येते. या बदलाची नोंद कोणत्याही प्रदर्शनाच्या पुस्तिकेत नसते, कारण पुस्तिकांना संग्राहक दिसतो, भक्त दिसत नाही.

एवढे सगळे बाजूला ठेवले तरी एक गोष्ट लगेच करण्यासारखी आहे, आणि ती होत नाही हाच मुख्य आक्षेप आहे. जुन्या तसबिरींच्या तळाशी, पांढऱ्या समासात, ‘चित्रशाळा स्टीम प्रेस, पुणे’ किंवा ‘रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा’ अशी बारीक ओळ छापलेली असते. चित्र कोणत्या यंत्रावर, कोणाच्या मालकीच्या काळात निघाले हे सांगणारा तो बहुधा एकमेव लेखी पुरावा असतो. फ्रेम करणाऱ्यांनी तो समास शतकभर कापून टाकला, ते एक वेळ समजू शकते, कारण त्यांना चित्र चौकटीत बसवायचे होते. पण आजची छापील पुस्तके आणि प्रदर्शने छायाचित्र घेताना तीच ओळ पुन्हा कापतात, आणि छापखाना, काळ, शिळांची संख्या यांपैकी काहीही न सांगता वर मोठ्या अक्षरांत चित्रकाराचे नाव टाकतात. मळवलीचा छापखाना १९७२ च्या आगीत जळाला. जे त्या आगीतून वाचले ते हे समास आहेत, आणि ते कात्रीखाली चालले आहेत.