स्मरण आणि प्रथमपुरुषी वाक्य

पॉलिग्राफ नाडी, श्वास व त्वचेची विद्युद्वाहकता यांतील बदल टिपतो. हे बदल असत्याचे नव्हेत, क्षोभाचे निदर्शक होत. ही मर्यादा टाळून क्षोभाऐवजी स्मृतीचाच शोध घ्यावा, ही चंपादी रामन मुकुंदन यांच्या कार्यामागील दृष्टी होय. बंगळूरच्या ‘निम्हान्स’मध्ये पूर्वी चिकित्सा-मानसशास्त्राचे कार्य केलेल्या या संशोधकाच्या ‘ब्रेन इलेक्ट्रिकल ऑसिलेशन सिग्नेचर’ पद्धतीत परीक्ष्य व्यक्ती मूक बसते. तिला छोटी वाक्ये ऐकवतात आणि मेंदूच्या विद्युत्‌लहरींवरून ते कृत्य तिने अनुभवले आहे की केवळ जाणले आहे, हे ठरवतात.

हा भेद निराधार नाही. एंडेल टुल्व्हिंग यांनी १९७२ मध्ये प्रसंगस्मृती व अर्थस्मृती यांची अशीच विभागणी केली होती. आक्षेप आहे तो स्मृती जागविण्याच्या साधनावर; आणि ते साधन भाषा आहे.

ही वाक्ये ‘मी विष विकत आणले’ अशा प्रथमपुरुषी धर्तीची असतात. ‘मी’ या सर्वनामाचा निर्देश वक्त्यागणिक बदलतो. दुसऱ्याने उच्चारलेला ‘मी’ श्रोत्याने स्वतःवर घेतला, की वाक्याचा अर्थ लावतानाच ते कृत्य कल्पनेत उभे राहू शकते. शिवाय, चौकशीत जो आरोप वारंवार ऐकावा लागला, तो ऐकणे हाही एक अनुभवच. उमटलेली लहर कृत्याच्या स्मरणाची, कल्पनेची की आरोपश्रवणाच्या आठवणीची, हे कशावरून ठरवावे?

शब्दयोजनाही तटस्थ नसते. लॉफ्टस व पामर यांच्या १९७४ च्या प्रयोगात मोटारींच्या टकरीची तीच दृश्ये पाहिलेल्यांनी, प्रश्नात ‘चक्काचूर होणे’ या अर्थाचे क्रियापद असता सरासरी वेग ताशी ४०.५ मैल सांगितला. नुसता ‘स्पर्श’ सुचविणारे क्रियापद असता ३१.८. येथे तर वाक्ये तपासयंत्रणेच्या कथनावरूनच रचली जातात.

हा केवळ शास्त्रीय वाद नव्हे. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने खुनाच्या एका खटल्यात इतर पुराव्यासह या चाचणीचाही आधार घेऊन दोषसिद्धी केली. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने संमतीविना अशा चाचण्या घेणे घटनाविरोधी ठरविले. तथापि संमतीने सक्तीचा प्रश्न सुटतो, प्रामाण्याचा सुटत नाही. तेच कृत्य प्रत्यक्ष केलेले, नुसते कल्पिलेले आणि वारंवार ऐकलेले अशा तिन्ही गटांवर, तृतीयपुरुषी वाक्यांची जोड देऊन, स्वतंत्र संशोधकांनी ही पद्धती पारखल्याखेरीज तिच्या निष्कर्षास पुराव्याची प्रतिष्ठा देता येणार नाही.