बेटांचा निवाडा आणि बेटकऱ्यांचे घर

फिलिप सँड्स यांचा 'द लास्ट कॉलनी' (२०२२) हा ग्रंथ हिंदी महासागरातील चागोस बेटांच्या वादाची हकीगत सांगतो. मॉरिशस १९६८ साली स्वतंत्र झाले. त्यापूर्वीच, १९६५ मध्ये, ब्रिटनने ही बेटे त्यापासून तोडली आणि दिएगो गार्सियावर अमेरिकेचा लष्करी तळ व्हावा म्हणून १९७३ पर्यंत सर्व रहिवाशांस तेथून हुसकून लावले. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१९ साली, तेरा विरुद्ध एक मताने, हे विभाजन बेकायदेशीर असल्याचा अभिप्राय दिला.

ग्रंथकार मॉरिशसचे वकील होते. कायद्याची गुंतागुंत ते सुबोध करतात. निरक्षर लिझबी एलिझे या बाईंची कहाणी त्यांनी ग्रंथाच्या केंद्रस्थानी ठेविली, हा त्यांचा मोठाच गुण होय. तथापि वकिलाची दृष्टी अशिलावरून सहसा ढळत नाही. मॉरिशसचेही स्वामित्व नको म्हणणारे चागोसवासी आहेत. त्यांचा आवाज येथे क्षीण वाटतो. २०२५ च्या ब्रिटन-मॉरिशस कराराने तर हे वैगुण्य उघडेच पाडले. त्यात स्वामित्व मॉरिशसकडे, तळ नव्याण्णव वर्षे ब्रिटनकडे. आणि पुनर्वसनाची मोकळीक दिएगो गार्सिया वगळून!

केळशीहून कवळ्यास आणि कुठ्ठाळीहून प्रियोळास गेलेल्या दैवतांच्या कुळाव्यांस याचा अर्थ सांगावयास नको. १९६१ साली गोव्यात राज्य पालटले. देव मात्र नव्या स्थळीच राहिले. सार्वभौमत्वाचा निवाडा म्हणजे घरवापसी नव्हे, एवढे ध्यानी ठेवून हा ग्रंथ अवश्य वाचावा, असे आम्हांस वाटते.