ढगाच्या धड्यातून गाळलेला कण

'सूर्याच्या उष्णतेने पाण्याची वाफ होते, वाफ वर जाते, थंड होते, तिचे ढग होतात आणि पाऊस पडतो.' जलचक्राचा धडा आपल्याकडे वर्षानुवर्षे एवढ्यावर आटोपतो. यातला प्रत्येक तुकडा खरा आहे. आमची तक्रार आहे ती 'तिचे ढग होतात' या तीन शब्दांविषयी. वाफ थंड झाली की आपोआप तिचे थेंब होतात, असा समज त्यातून होतो आणि तो बरोबर नाही. थेंब धरायला वाफेला आधार लागतो. हवेत तरंगणारे सूक्ष्म कण हा तो आधार. धड्यातून हे कण गाळले गेल्यामुळे पुढे प्रदूषण आणि कृत्रिम पाऊस यांच्या बातम्या वाचताना विद्यार्थीच नव्हे, तर शिक्षकही गोंधळतात.

आधार का लागतो? थेंब जितका लहान, तितका त्याचा पृष्ठभाग अधिक वक्र आणि त्यावरील रेणू तितक्या सहज निसटतात. चार-दहा रेणू एकत्र आले तरी लगेच विखुरतात. मीठ किंवा सल्फेट यांसारखा पाण्यात विरघळणारा कण असेल तर तो पाणी धरून ठेवतो आणि थेंबाची ही नाजूक अवस्था पार पडते. 1880 साली स्कॉटलंडच्या जॉन एटकिनने दोन पात्रांत वाफ सोडली. एकात साधी हवा होती, दुसऱ्यात कापसातून गाळलेली. साध्या हवेच्या पात्रात दाट धुके झाले, गाळलेल्या हवेच्या पात्रात झाले नाही. त्यापूर्वी 1875 मध्ये फ्रान्समध्ये कुलिए यालाही असेच आढळले होते. पुढे सी. टी. आर. विल्सनने दाखवले की कणच नसतील तर संपृक्ततेच्या कितीतरी पट बाष्प असावे लागते, तेव्हा कुठे थेंब बनतात. प्रत्यक्ष ढगात मात्र हवा संपृक्ततेच्या वर एखादा टक्काही क्वचितच जाते. म्हणजे कण नसते तर आपल्या ओळखीचे ढग झालेच नसते.

'बाटलीतला ढग' हा प्रयोग बऱ्याच शाळांत करून दाखवतात. प्लॅस्टिकच्या बाटलीत थोडे कोमट पाणी घ्यायचे, विझवलेल्या काडीचा धूर आत सोडायचा, झाकण लावून बाटली दाबायची आणि एकदम सोडायची. आत धुके दिसते, मुले टाळ्या वाजवतात आणि प्रयोग संपतो. आमच्या मते खरा प्रयोग इथे सुरू व्हायला हवा. धूर न सोडलेली दुसरी बाटली शेजारी ठेवली नाही, तर धुराचे काम मुलांना कळणार कसे? त्या बाटलीतही फिकट धुके दिसेल, कारण वर्गातल्या हवेत कण असतातच. ती बाटली झाकण न उघडता रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी पाहावी. कण भिंतींना चिकटलेले असतात आणि धुके बरेच विरळ होते. तुलनेची बाटली नसलेला प्रयोग हा जादूचा खेळ आहे, विज्ञान नव्हे.

आता प्रश्न असा की कण वाढले तर काय होईल? येथे थोडे गणित करू. समजा, ढगातील 1 घनमीटर हवेत अर्धा ग्रॅम पाणी आहे. समुद्रावरील स्वच्छ हवेप्रमाणे दर घनसेंटिमीटरला 100 थेंब असतील, तर प्रत्येकाची त्रिज्या सुमारे 10.6 मायक्रोमीटर येते. प्रदूषित हवेत थेंबांची संख्या 800 झाली आणि पाणी तेवढेच राहिले, तर त्रिज्या निम्मी होते, 5.3 मायक्रोमीटर. एकूण पृष्ठफळ मात्र दुप्पट होते. म्हणून असा ढग अधिक पांढरा दिसतो आणि अधिक सूर्यप्रकाश परत पाठवतो. हा परिणाम 1970 च्या दशकात ट्वोमी या शास्त्रज्ञाने मांडला. जहाजांच्या धुराने समुद्रावरील ढगांत उमटणारे पांढरे पट्टे उपग्रहांच्या चित्रांत दिसतात, तो याचाच पुरावा. 2020 पासून जहाजांच्या इंधनातील गंधकावर कडक मर्यादा आली आणि हे पट्टे कमी झाले.

पावसाच्या दृष्टीने लहान थेंब गैरसोयीचे असतात. एक मिलिमीटर त्रिज्येचा पावसाचा थेंब व्हायला 10 मायक्रोमीटर त्रिज्येचे सुमारे दहा लाख मेघबिंदू एकत्र यावे लागतात. लहानमोठे थेंब वेगवेगळ्या वेगाने पडतात म्हणून आदळतात आणि जुळतात. सगळेच बारीक असले तर हे जुळणे रेंगाळते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 2009 पासून विमानांतून ढगांची मोजणी केली. तीत दिसले की थेंबांची संख्या जितकी जास्त, तितका ढग अधिक उंच वाढावा लागतो, मगच त्यात पावसाचे थेंब तयार होऊ लागतात.

हे कळले की कोल्हापुरात नेहमी कानावर पडणारी दोन विधाने तपासता येतात. एक, 'धूर केला की पाऊस येतो'. दुसरे, 'कारखान्यांच्या धुराने पाऊस पळवला'. पहिल्या विधानात कण हवेत आधीच भरपूर आहेत हे विसरले जाते. कमतरता असते ती बाष्पाची आणि वर चढणाऱ्या हवेची. धुराने दोन्हीही मिळत नाहीत.

दुसरे विधान शास्त्रीय वाटते, म्हणून ते अधिक काळजीने पाहिले पाहिजे. कोल्हापूरच्या हवेत कण कमी नाहीत. 2019 च्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात, हवेची मानके न गाठणाऱ्या शहरांच्या यादीत कोल्हापूरचे नाव आहे. ओतशाळा आणि वाहने यांचा धूर बारमाही असतो. पण साखर कारखाने आणि गुऱ्हाळांची चुलवाणे पेटतात ती दिवाळीच्या सुमारास आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी थंडावतात. खालच्या हवेतला कण साधारण आठवडाभर टिकतो. जानेवारीतल्या पाचटाच्या धुरावर जुलैच्या पावसाचा आळ कसा घेणार? शिवाय पावसाळ्यात हवा येते ती अरबी समुद्रावरून, आणि पाऊस स्वतःच ती धुऊन काढतो. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तर तिथून काही तासांच्या वाटेवरच्या शिरोळला त्याच्या काही अंशच. हा फरक सह्याद्रीचा आहे, धुराचा नव्हे. कणांचा प्रश्न खऱ्या अर्थाने विचारायचा तो एप्रिल-मे मधल्या वळवाच्या ढगांबाबत. तेव्हा हवा धुळीने आणि धुराने भरलेली असते. तरीही ढग खूप उंच वाढून त्यात बर्फ होऊ लागला, तर कणांमुळे पाऊस घटतो की उलट जोर धरतो, यावर शास्त्रज्ञांत एकमत नाही.

मग ढगात मुद्दाम कण का टाकतात? कारण सगळे कण सारखे नसतात. याच संस्थेने 2018 आणि 2019 मध्ये सोलापूरला ढगांच्या तळाशी कॅल्शियम क्लोराइडचे कण सोडले. हे कण पाणी ओढून घेणारे आणि तुलनेने मोठे असतात. त्यांच्यामुळे काही थेंब लवकर मोठे होतात आणि इतरांना गिळत जातात. 276 ढग निवडून, त्यांतल्या कोणत्या ढगांत बीजन करायचे हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवले गेले. बीजनाने पाऊस सुमारे 18 टक्के वाढल्याचा निष्कर्ष निघाला. बातम्यांत राहिला तो '18 टक्के' हा आकडा. 'योग्य ढग आधी असले तर' ही अट गळाली. निरभ्र आकाशात या तंत्राने थेंबही पडत नाही. दुष्काळात नेमके तेच आकाश डोक्यावर असते.

आमची सूचना साधी आहे. धड्यातले वाक्य असे शिकवावे: 'वाफ थंड होते आणि हवेतील सूक्ष्म कणांवर तिचे थेंब जमतात.' एवढ्याने विद्यार्थ्याला पुढचे प्रश्न सुचू लागतात: कण किती, केवढे, कशाचे आणि कोणत्या महिन्यातले? शेवटी एक गोष्ट. धूर कमी करावा हे पटवण्यासाठी पळवलेल्या पावसाची अर्धवट गोष्ट सांगण्याचे कारण नाही. हेच कण आपल्या फुप्फुसांत जातात आणि तिथे ते काय करतात, याविषयी शास्त्रज्ञांत वाद नाही.