ल्यूटच्या साथीचें शिक्षण

आगोस्तिनो आगात्सारी ह्या इटालियन संगीतकारानें १६०७ सालीं सिएना येथें एक पुस्तिका प्रसिद्ध केली. मंद्र स्वरांच्या ओळीवरून साथ कशी करावी, हा तिचा विषय. ती कांहीं पानांचीच आहे. तथापि ल्यूट ह्या जुन्या युरोपीय तंतुवाद्यावर साथ शिकूं पाहणारास ती आजही मोठ्या ग्रंथांहून अधिक उपयोगी पडेल, असें आमचें मत आहे.

त्या काळच्या गीतांत साथ लिहिलेली नसे. काच्चीनीच्या १६०२ सालच्या ‘ले नुओवे मूसिके’ ह्या संग्रहांत गायकाची एक ओळ व तिच्याखालीं मंद्र स्वरांची एक ओळ, एवढेंच छापलें आहे. मंद्र स्वरावर सहाचा आंकडा असला म्हणजे तेथून सहावा स्वर घ्यावयाचा. आंकडा नसल्यास सामान्यतः तिसरा व पांचवा. बाकीची रचना वादकानें तत्क्षणीं करावयाची. ह्यासच कॉन्तिनुओ म्हणतात.

आजचा विद्यार्थी बहुधा टॅब्लेचरवरून, म्हणजे कोणत्या तारेवर कोठें बोट ठेवावें हें दाखविणाऱ्या लिपीवरून, ल्यूट शिकतो. बोटें तयार होतात, पण मंद्र स्वर वाचण्याची दृष्टि येत नाहीं. मग तो हार्प्सिकॉर्डसाठीं संपादकांनीं विस्तारून छापलेली साथ आपल्या वाद्यावर उतरवूं लागतो, आणि येथेंच घात होतो. ल्यूटच्याच कुळांतील थिऑर्बोच्या पहिल्या दोन तारा बहुधा एक सप्तक खालीं लावलेल्या असतात. दहा बोटांसाठीं लिहिलेला स्वरमेळ त्यावर जसाच्या तसा बसत नाहीं.

आगात्सारी वाद्यांचे आधाराचीं व अलंकाराचीं असे दोन वर्ग करतो आणि ल्यूटला दोहोंतही स्थान देतो. साथ करतांना मात्र उंच स्वर टाळावे, उंच गळ्याच्या गायकाचाच स्वर पुन्हां वाजवूं नये, असा त्याचा दंडक आहे. ह्या दृष्टीनें पाहतां थिऑर्बोची अडचण हाच त्याचा गुण ठरतो. कारण त्याचे स्वर सहजच गळ्याच्या खालीं राहतात.

पुस्तिकेंत एक न्यून आहे. बोटें कोठें ठेवावीं हें ती सांगत नाहीं. निकोला फ्लरीनें १६६० सालीं पॅरिसमध्यें काढलेलें थिऑर्बोचें पुस्तक त्या कामीं जवळ असावें. परंतु त्यांतले मेळ पाठ करून थांबणाराची गति छापील साथीवर विसंबणाराहून फारशी निराळी होणार नाहीं. मंद्र स्वर वाचून वाजविणारा गायकाच्या श्वासासाठीं क्षणभर थांबूं शकतो, त्याचा आवाज क्षीण झाल्यास दोन तारा कमी छेडूं शकतो. एवढें ज्यास साधेल, त्यासच साथ आली असें म्हणावें.