शियांग यू आणि लिऊ बांग : 'शिची'मधील दोन प्रकरणांचे परस्परसंबंध

सीमा छियान याने इ. स. पू. पहिल्या शतकाच्या आरंभी पूर्ण केलेला 'शिची' हा १३० प्रकरणांचा ग्रंथ चिनी इतिहासलेखनाचा पाया मानला जातो. त्यातील पहिली १२ प्रकरणे राजवृत्तांची आहेत. सातवे राजवृत्त शियांग यू याचे, तर आठवे त्याचा प्रतिस्पर्धी व हान घराण्याचा संस्थापक लिऊ बांग याचे आहे. शियांग यू कधीही सम्राट झाला नाही. असे असता त्याला सम्राटांच्या पंक्तीत, तेही विजेत्याच्या आधी, स्थान का मिळाले हा प्रश्न जुना आहे. पहिल्या शतकात बान गू याने 'हानशू' रचताना शियांग यूला तेथून उठवून चरित्रांच्या विभागात बसविले.

राजाच्या अवकृपेमुळे इ. स. पू. ९८ च्या सुमारास खच्चीकरणाची शिक्षा भोगलेल्या इतिहासकाराची पराभूताविषयीची सहानुभूती, असे या स्थानाचे स्पष्टीकरण पुष्कळदा दिले जाते. ते आकर्षक असले तरी अपुरे आहे. लिऊ बांगनंतर गादीवर आलेल्या हुइ सम्राटालाही 'शिची'मध्ये स्वतंत्र राजवृत्त नाही. ते त्याची आई ल्यू हिला मिळाले आहे. म्हणजे पदवी कोणाची यापेक्षा सत्ता कोणाच्या हाती, हा सीमा छियानचा निकष दिसतो. इ. स. पू. २०६ मध्ये छिन साम्राज्य कोसळल्यावर १८ राजांना प्रदेश वाटून देणारा शियांग यूच होता.

खरी मौज या दोन प्रकरणांच्या घडणीत आहे. इ. स. पू. २०५ मध्ये पेंगचेंग येथे शियांग यूच्या ३०,००० सैनिकांनी लिऊ बांगच्या ५,६०,००० सैन्याची दाणादाण उडविली. पळताना रथ हलका व्हावा म्हणून लिऊ बांगने पोटच्या मुलाला व मुलीला खाली ढकलले. सारथी शियाहोउ यिंग त्यांना उचलून घेई, आणि असे तीनदा घडले. पुढे शियांग यूने ओलीस ठेवलेल्या त्याच्या पित्याला उकळून मारण्याची धमकी दिली, तेव्हा 'रश्श्याची एक वाटी मलाही पाठव' अशा आशयाचे उत्तर त्याने दिले. हे दोन्ही प्रसंग सातव्या प्रकरणात येतात. आठव्यात, म्हणजे लिऊ बांगच्या स्वतःच्या वृत्तात, पहिल्याच्या जागी त्याने कुटुंबाचा शोध घेतला व पुढे केवळ मुलगा सापडला एवढीच नोंद उरते. दुसरा प्रसंग तेथे नाहीच.

सीमा छियान लिऊ बांगच्या पणतूच्या, वू सम्राटाच्या, दरबारात लिहीत होता. भीती हे कारण सहज सुचते. परंतु भ्यालेला लेखक तोच मजकूर शेजारच्या प्रकरणात ठेवणार नाही. शिवाय शियांग यूचे दोष मात्र त्याच्याच प्रकरणात उघडपणे सांगितले आहेत: शिनआन येथे शरण आलेल्या २,००,००० हून अधिक छिन सैनिकांना रातोरात गाडणे, शियानयांगचे राजवाडे जाळणे, ती आग तीन महिने धुमसत राहणे. त्यामुळे सातवे प्रकरण वीरपूजा ठरत नाही. एका प्रकरणाचे मौन दुसऱ्याने भरून काढावे आणि वाचकाने दोन्ही एकत्र वाचावीत, अशी ही योजना आहे.

इ. स. पू. २०२ मधील गायशियाच्या वर्णनात ही योजना कळसाला पोहोचते. आठव्या प्रकरणात हान शिनची ३,००,००० ची फौज, तिची माघार, मग दोन्ही बगलांचा हल्ला असा रणनीतीचा कोरडा तपशील आहे. सातव्यात व्यूहरचना जवळजवळ नाही. तेथे चहूबाजूंनी ऐकू येणारी छू प्रदेशाची गाणी, तंबूतील मद्य, प्रियतमा यू आणि आवडता घोडा आहे. तंबूतील गीत ऐकून ते सांगायला जिवंत कोण उरले, ही शंका चिनी वाचकांनीही पूर्वीच घेतली आहे व ती रास्त आहे. युद्ध का हरले हे आठव्यात कळते, हरणे कसे असते हे सातव्यात.

मात्र निष्कर्षाच्या ठिकाणी इतिहासकाराचा तोल ढळतो. अखेरच्या २८ घोडेस्वारांसमोर शियांग यू म्हणतो की, आपला नाश दैवाने केला, लढाईतील चुकीने नव्हे. प्रकरणाच्या शेवटी सीमा छियान या उद्गाराला खुळेपणा ठरवितो. स्वतःच्या चुका न ओळखण्याचा हा दोष त्याला अक्षम्य वाटतो. लिऊ बांगनेही आपल्या विजयाची मीमांसा माणसांच्या आधारेच केली: चांग ल्यांग, श्याओ ह व हान शिन या तिघांचा उपयोग आपण करून घेतला, शियांग यूला मात्र एकट्या फान झंगचाही करता आला नाही. येथवर दोन्ही प्रकरणे एकमेकांस पूरक आहेत. परंतु इ. स. पू. १९५ मध्ये मृत्युशय्येवरचा लिऊ बांग वैद्याला परत पाठवितो, तो राज्य दैवाने दिले व प्राणही दैवाच्याच हाती आहेत असे म्हणून. या उद्गाराला सीमा छियान खुळेपणा म्हणत नाही. उलट आठव्या प्रकरणाच्या समारोपात तो स्वतःच हान घराण्याला दैवी क्रमाचा वारसा मिळाल्याचे सांगतो.