गोंदेश्वर 'हेमाडपंती' आहे का?

सिन्नरच्या गोंदेश्वरावर वाचायला लागलात की पहिल्याच पानावर 'हेमाडपंती' हा शब्द भेटेल. तिथे जरा थांबा. हेमाद्री हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री, म्हणजे काळ 13व्या शतकाचा उत्तरार्ध. गोंदेश्वर सहसा 11व्या-12व्या शतकातलं मानतात. मग हेमाडपंत आला कुठून?

चुना न वापरता दगडावर दगड बसवलेलं जुनं देऊळ दिसलं की आपण ते हेमाडपंताच्या नावावर टाकून मोकळे. पण ही झाली बांधायची रीत. शैली ओळखायची तर शिखर बघा: चारी बाजूंना मधोमध वर चढणारे उभे पट्टे, आणि त्यांच्यामध्ये ओळीने रचलेली, वर जाताना लहान होत जाणारी शिखरं. ही भूमिज शैली. अंबरनाथचं शिलाहारकालीन देऊळ (शिलालेख 1060चा) आणि माळव्यातलं परमारांचं उदयेश्वर याच कुळातली. म्हणजे खरा प्रश्न असा की तीन राजवटींच्या मुलखांत हे शिखर पोचलं कसं? कारागीर फिरले, की आराखडे? 'हेमाडपंती' म्हटलं की हे विचारायचं राहूनच जातं.

युरोपातल्या कॅथेड्रलांना 'गॉथिक' हे नावही नंतरच्यांनीच दिलं, तेही हिणवायला! पण त्या नावाखाली निदान कमानी मोजल्या गेल्या. आपल्याकडे बऱ्याचदा नाव ठेवलं की चौकशी संपते.

सिन्नरला जाल तेव्हा मोजपट्टी न्या. सूर्य, विष्णू, पार्वती, गणपती यांच्या चार छोट्या देवळांची शिखरं मुख्य शिखराशी ताडून बघा.